शपथेचा फोटो

न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कम्युनिटी सेंटरमध्ये तळघराच्या पायऱ्या उतरलं की समोर कॉम्प्युटर लॅब लागते. तिच्या दाराशेजारी भिंतीवर एक मोठा कृष्णधवल फोटो आहे. काळ्या सुटातला एक माणूस, उजवा हात उचललेला, तोंड अर्धवट उघडं, नजर समोर. खालच्या पट्टीवर लिहिलंय की हे आमचे कौन्सिलमन, म्हणजे नगरसेवक, पदाची शपथ घेताना. फोटो चांगला आहे. मी काढलाय म्हणून नव्हे, त्यात खिडकीतला उजेड खरोखरच छान पडलाय. फक्त त्या क्षणी तो माणूस शपथ घेत नव्हता, आणि ही गोष्ट आता आम्हा दोघांशिवाय फारशी कुणाच्या लक्षात नसेल.

लॅबच्या जागी आधी डार्करूम होती. ती टाउनशिपची होती, पण मी तिला माझी डार्करूमच म्हणणार.

फोटोचा नाद मला सातवीत लागला, तोही एका शपथेच्या पायी. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत दर वर्षी विद्यार्थ्यांचं मंत्रिमंडळ नेमायचे. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री. पाणीपुरवठा मंत्री असायचा, त्याचं काम माठ भरायचं. माझ्याकडे स्वच्छता खातं आलं होतं, म्हणजे सोमवारी मुलींची नखं तपासायची. हेडमास्तरांनी आम्हाला पटांगणात ओळीनं उभं करून खऱ्या मंत्र्यांसारखी शपथ दिली. 'मी ईश्वरसाक्ष शपथ घेते की' म्हणताना माझ्या अंगावर काटा आला होता. रेडिओवर ऐकलेले शब्द आज माझ्या तोंडातून निघत होते. शपथ संपली, टाळ्या झाल्या, आणि मग तालुक्याच्या गावाहून बोलावलेला फोटोग्राफर सायकल ढकलत फाटकातून आत आला. टायर पंक्चर झालं होतं त्याचं. हेडमास्तर म्हणाले, "हरकत नाही, पुन्हा हात वर करा रे सगळ्यांनी." सगळ्यांनी केले, मी केला नाही.

"शपथ एकदाच घेतात, सर," मी म्हटलं.

तो फोटो अजून माझ्या भावाकडे आहे. सगळं मंत्रिमंडळ हात वर करून उभं आहे आणि कडेला दोन वेण्यांची एक मुलगी हात खाली सोडून कॅमेऱ्याकडे रागानं बघते आहे. हेडमास्तरांचा ओरडा मिळालाच, पण फोटोग्राफरला मात्र माझी गंमत वाटली असावी. जाण्याआधी त्यानं मला हाक मारली आणि कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घालू दिलं. मागच्या काचेवर आमची अख्खी शाळा उलटी लोंबकळत होती, हेडमास्तरांसकट. तेव्हापासून मी या नादाची झाले ती झालेच. नंतर मामाचा जुना कॅमेरा मिळाला, कॉलेजात असताना स्टुडिओवाल्याच्या हातापाया पडून मी प्रिंटिंग शिकले, आणि लग्न करून न्यू जर्सीत आले तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा होता.

इथे रोल धुवायला टाकायचा तो औषधांच्या दुकानात, याचं मला पहिली काही वर्षं फार हसू यायचं. खोकल्याचं औषध, शाम्पू आणि आपले फोटो एकाच काउंटरवर. पण तिथे रंगीत फोटो निघायचे, यंत्रातून, सगळे सारख्याच चेहऱ्याचे. स्वतःच्या हातानं प्रिंट काढायचं सुख मी जवळपास विसरले होते.

मग दोन हजार एक साल आलं. माझ्या नवऱ्याची सॉफ्टवेअर कंपनी उन्हाळ्यात बुडाली, आणि तो नोकरी शोधत घरी बसला. सप्टेंबरात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडल्यावर तर रस्त्यावरच्या झाडून सगळ्या घरांवर झेंडे लागले आणि आम्हीही एक लावला, थोडा प्रेमानं आणि थोडा भीतीनं. त्या दिवसांत मुलीला ड्रॉइंगच्या क्लासला सोडायला मी कम्युनिटी सेंटरमध्ये गेले आणि तळघरातून हायपोचा वास आला. फोटो पक्का करायच्या रसायनाचा तो आंबूस वास ज्याला माहीत आहे, त्याला तो गर्दीतही कळतो. मी वासामागे खाली गेले. दारावर लाल दिवा लागला होता. दिवा विझेपर्यंत मी बाहेर उभी राहिले आणि दार उघडलं तेव्हा जवळजवळ रडायलाच आले होते.

आत एक गोरी म्हातारी होती. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, उंच, कंबरेत जराशी वाकलेली, रबरी एप्रन घातलेली. सेंटरसाठी शनिवारी ती डार्करूम उघडायची, पगारबिगार काही नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "काळं-पांढरं की रंगीत?" मी "काळं-पांढरं" म्हटलं. तिनं कोपऱ्यातल्या एन्लार्जरकडे, फोटो मोठा करायच्या यंत्राकडे, बोट दाखवलं. "तो वापर. तो कुणालाच आवडत नाही, म्हणून तो नेहमी मोकळा असतो."

पुढची जवळपास सात वर्षं माझे शनिवार तिथे गेले. आम्ही दोघी फारसं बोलायचो नाही. रसायनाचे ट्रे हलवताना ती गुणगुणायची. एखादी प्रिंट बरी निघाली तर ती भुवया उचलायची, आणि तेवढं मला आठवडाभर पुरायचं. घरी मी कुणाची तरी बायको आणि आई होते, ऑफिसात मी अकाउंट्स बघायचे, आणि त्या खोलीत मी सातवीतली मुलगी होते. म्हणून सांगते, की ती खोली गेली तर माझं काय जाणार होतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता त्या फोटोतल्या माणसाबद्दल. तो माझ्या नवऱ्याचा नागपूरच्या कॉलेजातला मित्र, हॉस्टेलवरचा रूममेट. आमच्यानंतर दोन-तीन वर्षांनी तो अमेरिकेत आला आणि आमच्या बेसमेंटमध्ये पहिले काही महिने राहिला. त्या वर्षी भाऊबीजेला तो खिडकीशी तोंड पाडून बसला होता. बहीण नागपुरात, बोलायला फोन महाग. माझा भाऊ सांगलीकडे. मी म्हटलं, "ऊठ, आंघोळ कर, पाटावर बस." त्याला मी ओवाळलं. सकाळपर्यंत मी त्याची वहिनी होते, दुपारी जेवताना तो मला ताई म्हणाला आणि पुढे ताईच म्हणत राहिला. ओवाळणी म्हणून तबकात त्यानं फिल्मचा रोल ठेवला होता. आमच्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानातून पळत जाऊन आणलेला. नंतर त्याला मोठी नोकरी लागली, लग्न झालं, टाउनशिपच्या पलीकडच्या बाजूला मोठं घर झालं, पण दर भाऊबीजेला तबकात फिल्मचे रोल असायचे. इतर बायका साड्या दाखवायच्या, मी रोल दाखवायचे.

कौन्सिलसाठी उभं राहायचं खूळ त्याच्या डोक्यात कधीचं होतं. सप्टेंबरनंतर आपल्या माणसांकडे कसं बघतात, आपला एक तरी माणूस आत पाहिजे, असं तो प्रत्येक गणपतीत आरती झाल्यावर बोलायचा. त्याला बोलता यायचं. लोक प्रसादाची वाटी हातात धरून ऐकत राहायचे. दोन हजार सहाच्या सुमारास तो माझ्या मागेच लागला.

"ताई, तू नुसते फोटो काढून राहिली. वोट देता येते का तुले? ग्रीन कार्डवर किती दिवस बसतेस?"

मला नागरिकत्व घ्यायचं नव्हतं. नवऱ्यानं कधीच घेतलं होतं. माझ्याकडे माझा निळा भारतीय पासपोर्ट होता आणि तो हातचा सोडायला माझा जीव होत नव्हता. वडील गेले तेव्हा याच पासपोर्टवर धावत गेले होते. पण तो म्हणाला, "तुझ्यासारख्या दहा बायांनी मनावर घेतलं ना, तर मी निवडून येतो. अन् मी आलो की आपलंच राज्य." मी हसले, आणि अर्ज भरला.

नेवार्कच्या सरकारी इमारतीत, एका मोठ्या हॉलमध्ये, जगभरातल्या लोकांबरोबर मी उभी राहिले. समोरच्या बाईंनी सांगितलं, "प्लीज रेज युअर राइट हँड अँड रिपीट आफ्टर मी." मी हात वर केला. आधीच्या सगळ्या निष्ठा सोडते, हेही म्हटलं. अंगावर तसाच काटा आला, पटांगणातला. नवऱ्यानं त्या प्रसंगाचा माझा एकच फोटो काढला आणि त्यात माझं डोकं कापलं गेलंय. हात तेवढा दिसतो. फोटोग्राफरच्या नवऱ्यानं काढलेला फोटो असाच यायचा.

निवडणूक पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात होती. उन्हाळाभर मी त्याच्यामागे कॅमेरा घेऊन फिरले. तो दारोदार जायचा, मी झुडपाआडून फोटो काढायचे. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानदारांशी बोलताना, देवळाच्या पार्किंगमध्ये, कुणा म्हाताऱ्या इटालियन आजोबांच्या टोमॅटोच्या वाफ्यात वाकून. एका शनिवारी तो स्वतःच डार्करूममध्ये आला. लाल उजेडात ट्रेच्या तळाशी कोऱ्या कागदावर आधी त्याच्या भुवया उमटल्या, मग डोळे, मग मिशी. तो लहान मुलासारखा ओरडला, "अबे, हा तर मीच!" म्हातारीसुद्धा हसली. मग तिनं त्याला विचारलं, ऐकलंय की टाउनशिपला ही खोली बंद करायची आहे, खरं आहे का? त्यानं दोन्ही हातांनी तिचा ओला हात धरला. निवडून आलो तर या खोलीला हात लावू देणार नाही, असं तो तिला इंग्रजीत म्हणाला, आणि माझ्याकडे वळून मराठीत, "ताई, तू टेन्शन नको घेऊ. तुझी डार्करूम माझ्यावर सोड."

आम्ही दोघींनी ती त्याच्यावर सोडली. तीच प्रिंट त्याच्या प्रचाराच्या पत्रकावर छापली गेली. मतदानाच्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेत मत देताना, मी त्याचं नाव असलेलं बटण दाबलं आणि बाहेर येऊन गाडीत बसून थोडी रडले. तो निवडून आला.

शपथविधी जानेवारीत, म्युनिसिपल बिल्डिंगच्या सभागृहात. कोणत्या पुस्तकावर हात ठेवायचा यावर त्याच्या घरी आठवडाभर खल झाला होता. शेवटी पुस्तक नको, नुसता हात वर करायचा असं ठरलं. फोटो मी काढायचा, हे सांगायचीही गरज नव्हती. मी पहिल्या रांगेसमोर गुडघ्यावर बसले. उजेड मोजला, फोकस लावला, बोट बटणावर ठेवलं. टाउनशिपच्या क्लार्कबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्लीज रेज युअर राइट हँड अँड रिपीट आफ्टर मी."

आणि मी हात वर केला.

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. तेच शब्द होते, तोच सरकारी सूर. कॅमेरा गळ्यात लोंबकळत राहिला आणि माझा उजवा हात, बटणावरचा, आपोआप खांद्याच्या वर गेला. एवढंच नाही, मी पुटपुटतही होते. पदाची कामं निष्ठेनं, निःपक्षपातीपणे आणि न्यायानं करीन, असं तो म्हणत होता आणि त्याच्यामागून मी. आम्हा बाहेरून आलेल्यांना सरकारी माणसानं काही सांगितलं की आधी करायचं आणि मग विचार करायचा, ही सवय हाडीमाशी भिनलेली असते. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी भानावर आले. मागे नवरा हसून हसून लाल झाला होता.

"काढला ना?" नवीन कौन्सिलमननं विचारलं.

"नाही रे. मीच शपथ घेतली."

सगळे हसले, तोही. "चल, पुन्हा." तो झेंड्याजवळ खिडकीपाशी उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. शपथ एकदाच घेतात, हे मला आठवलं. पण सातवीतल्या त्या मुलीला मी गप्प बसवलं, कारण हा माझा भाऊ होता आणि दिवस आनंदाचा होता. मी म्हटलं, "तोंड मिटू नकोस, काहीतरी बोल, बोलतोयस असं दिसायला हवं." मागच्या टेबलावर ओक ट्री रोडवरून आणलेल्या बटाटेवड्यांचे ट्रे होते. चेहऱ्यावरची सुरकुती न हलू देता, अत्यंत गंभीरपणे तो म्हणाला, "ताई, लवकर काढ, वडे थंडे होऊन राहिले." मी बटण दाबलं.

तीच प्रिंट मी फेब्रुवारीत मोठी करून त्याला भेट दिली. एवढी मोठी प्रिंट मी आधी कधी काढली नव्हती. तिच्यासाठी लागणारा मोठा ट्रे म्हातारीनं स्वतःच्या गॅरेजमधून आणला होता.

जूनमध्ये कौन्सिलच्या कामकाजात तो विषय आला. तळघरातल्या खोलीचं नूतनीकरण, म्हणजे डार्करूम काढून कॉम्प्युटर लॅब. मला त्याची फारशी चिंता वाटली नाही. लोकांना बोलायला सभेत थोडा वेळ देतात, त्यात बोलायचं म्हणून मी कागदावर चार ओळी लिहून काढल्या, आरशासमोर म्हणूनही बघितल्या. आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, तू उद्या पब्लिक कॉमेंटमध्ये नको बोलू. घरचंच माणूस उठून बोललं ना, तर हे लोक म्हणतील बहिणीसाठी करून राहिला. माझी केस वीक होते. मी बघतो ना."

मला ते पटलं. मी म्हातारीलाही फोन करून सांगितलं, की तुम्ही त्रास घेऊ नका, तो बोलणार आहे. ती तरी आली, मागच्या रांगेत, चांगला ड्रेस घालून. लोकांना बोलायची वेळ आली आणि गेली. कुणीतरी गटाराबद्दल बोललं, कुणीतरी कुत्र्यांबद्दल. आम्ही दोघी गप्प बसलो. मग अध्यक्षांनी तो भाग संपल्याचं जाहीर केलं, आणि डार्करूमचा विषय आल्यावर आमच्या माणसानं माइक पुढे ओढला.

तो छान बोलला. ज्येष्ठ नागरिकांना ई-मेल शिकायचं आहे, मुलांना संध्याकाळी अभ्यासाला जागा नाही, हे सगळं. खोटं त्यात काही नव्हतं, ते मीही मान्य करते. मग तो म्हणाला, "या डार्करूमवर माझ्या कुटुंबाइतकं प्रेम कुणी केलं नसेल. माझी बहीण दर शनिवारी तिथे असते. ती आज इथे आली आहे." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "पण तीसुद्धा समजते, की फिल्मचे दिवस संपले. पुढच्या पिढीसाठी तिनं ही जागा मोकळ्या मनानं सोडली आहे. मला तिचा अभिमान वाटतो."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई माझ्या हातावर थोपटून हसली. मी उठून उभी राहिले, माझ्या तोंडून "नाही" एवढं निघालं, आणि अध्यक्ष अगदी सौजन्यानं म्हणाले, "मॅडम, पब्लिक कॉमेंट संपली आहे." मी बसले. मतदान झालं, पाचही जणांनी हो म्हटलं. माझ्या चार ओळींचा कागद पर्समध्येच होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तोवर फक्त शाळेत, वाक्यात उपयोग करा म्हणून, लिहिलं होतं. माझ्या डार्करूमच्या विरुद्ध तो बोलला असता तरी मी भांडले असते आणि विसरले असते. पण त्यानं मला गप्प बसवलं आणि मग माझ्या तोंडचे शब्द स्वतःच बोलला, आणि ते माझे नव्हते.

मागे वळून बघितलं तेव्हा म्हातारीची खुर्ची रिकामी होती.

गाडीत नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. त्यालाही त्या चौघांबरोबर चार वर्षं काढायची आहेत. एकटा विरोधात गेला असता तरी झालंच असतं."

"मग जायचं होतं ना एकट्यानं," मी म्हटलं.

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ रूम." तिच्यावर मी जोरात ओरडले.

शेवटच्या शनिवारी मी डार्करूमवर गेले. म्हातारी ट्रे घासत होती. मी बाह्या वर करून तिच्याशेजारी उभी राहिले आणि घासायला लागले. नळ वाहत होता. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा भाऊ छान बोलला. फक्त तू मला आधी सांगायला हवं होतंस."

"मी हो म्हटलेलं नाही. मला यातलं काही माहीत नव्हतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"त्यानं नको म्हणून सांगितलं होतं."

मराठीत या वाक्याला काही अर्थ आहे. भाऊ म्हणाला, मी बघतो, आणि बहीण गप्प बसली. इंग्रजीत ते इतकं मूर्खासारखं वाटलं की मलाच माझी लाज वाटली. तिनं नळ बंद केला, हात पुसले. मला वाईट वाटावं म्हणून ती काही बोलली नाही, उलट जाताना तो न आवडणारा एन्लार्जर मी घरी न्यावा असं म्हणाली. पण तिनं भुवया उचलल्या नाहीत. तिला माझं खरं वाटलं की नाही हे मला कधीच कळलं नाही. त्यानंतर ती मला एक-दोनदा ग्रोसरीच्या दुकानात दिसली, तेव्हा हवेबद्दल बोलली.

चार महिने मी त्याचा फोन उचलला नाही. त्याचे निरोप नवऱ्याकडे यायचे: तिला सांग, राजकारण आहे, पर्सनल नाही. लॅबचं उद्घाटन झालं. मी दिलेली प्रिंट त्यानं सेंटरला भेट म्हणून दिली आणि ती तिथेच, दाराशेजारी, लागली.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी नवरा म्हणाला, "तो येतोय. सणाच्या दिवशी दारातून परत पाठवणार आहेस का?" मी पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली, तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी ठेवली. दर वर्षीच्या कामाला हात आपसूक लागतात. रस्त्यावर घरोघर निवडणुकीच्या पाट्या उभ्या होत्या, देशभर नवा राष्ट्राध्यक्ष निवडायची धामधूम होती, आणि तो नेहमीसारखा कुर्ता घालून, हसत, मिठाईचा पुडा घेऊन आला. पाटावर बसला. मांडीवर एक चकचकीत खोका होता. मी विचारायच्या आत त्यानं झाकण उघडून दाखवलं. डिजिटल कॅमेरा, चांगल्यातला, महागाचा.

"ताई, आता तुले डार्करूमची गरजच नाही. रोल नाही, धुणं नाही, काही नाही. घे."

मी निरांजन लावलं. "तू मला नको बोलूस म्हणून सांगितलंस."

"अगं, सगळं आधीच ठरलेलं होतं. तू बोलली असतीस तर तुझाच पोपट झाला असता. मी तुझी इज्जत वाचवली."

"आणि दिलेला शब्द?"

"प्रचारात दहा गोष्टी बोलतो माणूस." मग तो जरा चिडून म्हणाला, "मी शपथ घेतली ती टाउनशिपची. त्या शपथेत तुझी डार्करूम नव्हती."

ते खरं होतं. त्या शपथेत काय काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. निष्ठेनं होतं, न्यायानं होतं. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, त्याच्याभोवती तबक फिरवलं. त्याला वाटलं मिटलं. त्याचा चेहरा सैल झाला.

"जानेवारीत मला कौन्सिलचा प्रेसिडेंट करून राहिले. पुन्हा शपथ आहे. फोटो तूच काढायचा, ताई. अन् या वेळी हात वर नको करू हं."

"येईन," मी म्हटलं. "पहिल्या रांगेत बसेन."

"अन् कॅमेरा? हाच आण ना, नवा."

"कॅमेरा नाही आणणार. तू काय म्हणतोस ते मला नीट ऐकायचंय. गेल्या वेळी तुझ्याबरोबर मीही म्हणत होते, त्यामुळे तुझं ऐकायचं राहून गेलं."

तो हसला नाही. त्यानं मांडीवरचा खोका उचलला आणि ओवाळणी टाकायला हात पुढे केला. खोका तबकात पडायच्या आत मी ते उचललं आणि देवापाशी नेऊन ठेवलं.